पावसाची वाटणी

ऐन आषाढात महाबळेश्वरहून वाईकडे उतरणाऱ्या एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, तर दरीकडे न बघता समोरच्या काचेकडे बघत राहावं. स्टँडवरून गाडी निघते तेव्हा वायपर जीव खाऊन चालू असतो आणि तरीही काचेपलीकडचं काही दिसत नाही. भर दुपारी दिवे लावून गाड्या समोरून येतात. आधी धुक्यात दोन पिवळे ठिपके, मग एकदम अख्खा ट्रक. वेण्णा तलाव कधी मागे पडला ते कळतही नाही. पाचगणी येईपर्यंत पावसाची घाई थोडी ओसरते, वायपरची गती उतरते. पसरणीचा घाट लागतो आणि काही वळणांनंतर ड्रायव्हर सवयीने हात पुढे करून बटण बंद करतो. काचेवर उरलेले थेंब वाऱ्याने कडेला सरकतात, वाळून जातात. खाली वाईचं खोरं उन्हात पसरलेलं असतं. कृष्णा मात्र फुगलेली, गढूळ. गाडीतल्या कुणाला याचं काही वाटत नाही, रोजचंच आहे. मला मात्र त्या बटणाचं फार अप्रूप आहे.

महाबळेश्वर ते वाई हे अंतर जेमतेम बत्तीस-तेहतीस किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाईत सातशे-आठशे. तसंच पूर्वेला सरकत गेलं, तर हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आतच माण तालुका येतो, आणि तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. एकाच जिल्ह्यातली ही तिन्ही ठिकाणं. एकाच कलेक्टरच्या कचेरीत एका टेबलावर दरडीची फाइल असते आणि दुसऱ्यावर टँकरची. वारा तोच, ढगही त्याच समुद्रावरून आलेले. मध्ये फक्त सह्याद्री उभा आहे.

मृगाच्या सुमाराला अरबी समुद्रावरून जो वारा आत शिरतो, तो ओलाव्याने जड असतो. कोकणपट्टी अरुंद, ती ओलांडायला वाऱ्याला फारसा वेळ लागत नाही. मग समोर एकदम हजार-बाराशे मीटर उंचीची भिंत येते. वळसा घालायला जागा नसते, म्हणून वारा चढतो. चढता चढता गार होतो, आणि गार हवेला तेवढी वाफ पेलत नाही. जे पेलत नाही ते घाटमाथ्यावर कोसळतं, महाबळेश्वरला, आंबोलीला, ताम्हिणीला. कड्यापलीकडे हाच वारा उतरू लागतो, उतरताना दाबला जाऊन उबदार होतो आणि त्याच्यातले ढग विरतात. पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. शाळेत आम्ही हे आकृती काढून पाठ केलं होतं: डावीकडे निळे बाण, मध्ये त्रिकोण, उजवीकडे तिरप्या रेघांचा कोरडा प्रदेश. आकृती बरोबरच होती. पण आर्थर सीटच्या कठड्याशी उभं राहिल्यावर सावित्रीच्या खोऱ्यातून वर चढणारा तो वारा छातीवर आदळतो, दरीत टाकलेलं हलकं पान तळाशी न जाता उलट आपल्या डोक्यावरून मागे जातं, तेव्हा त्या निळ्या बाणात केवढं बळ होतं ते समजतं. नाणेघाटाजवळ पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा अर्ध्यातून उचलून परत माथ्यावर आणून टाकतो. पाण्याला खाली जायचं असतं, वाऱ्याला वर यायचं असतं, आणि कड्याच्या ओठावर दोघांची गाठ पडते.

सह्याद्रीला आपण पर्वतरांग म्हणतो खरं, पण त्याला दोन तोंडं आहेत. महाडकडून बघितलं तर तो आकाशाला भिडलेला काळा तट. साताऱ्याकडून चालत गेलं तर तो फारसा जाणवतही नाही. माळ हळूहळू चढत जातो, हवा गार होते, झाडी दाट होते आणि एके ठिकाणी जमीनच संपते. पुढे पाऊल टाकायला काही नसतं. हिमालयासारखा हा घड्या पडून उभा राहिलेला डोंगर नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. पुढे भारताच्या पश्चिमेचा भूभाग तुटून समुद्रात दूर गेला आणि तुटलेली कड उघडी पडली. पाण्याने ती कड झिजवत झिजवत पूर्वेकडे मागे आणली. आज कोणत्याही मोठ्या कड्याकडे दुरून बघा, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांच्या चवडीसारखे बेसॉल्टचे थर स्पष्ट दिसतात. त्या थराथरांच्या फटींतून पावसाळाभर पाणी झिरपत राहतं.

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीजवळपर्यंत सोळाशे किलोमीटर ही कड पसरली आहे. केरळात तिला अनैमुडीची २,६९५ मीटर उंची आहे. आपल्याकडे कळसूबाई, १,६४६ मीटर. जगातल्या उंच पर्वतांच्या यादीत या आकड्यांना कुणी जागा देणार नाही. पण पावसाच्या वाटेत आडवं उभं राहायला फार उंची लागत नाही. योग्य जागा लागते. समुद्रापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, वाऱ्याच्या थेट समोर, मैलोन्‌मैल फारशी फट न ठेवता. त्या जागेने महाराष्ट्राचं सगळं जगणं ठरवलं.

ते कसं, हे बघायला पर्जन्यमापक लागत नाही. छपरं बघावीत. कोकणात उताराची कौलं, पाऊस क्षणभरही टिकू नये म्हणून. महाबळेश्वरला तेवढ्यानेही भागत नाही. पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींनाही गवताच्या झडी बांधायची तिथली जुनी रीत, आता पुष्कळ ठिकाणी निळं प्लास्टिक आलं आहे. कड्याच्या लगतच्या मावळात छप्पर अजून उतरतं आणि ओटीच्या कोपऱ्यात इरली टांगलेली असतात. आणखी पूर्वेला, माणदेशात, सोलापूरकडे जुनी घरं मातीच्या सपाट माळवदाची. त्या माळवदावर उन्हाळ्यात झोपतात, धान्य वाळवतात. ताटही असंच बदलत जातं. कोकणात भात, मावळात भात, उतारावर नाचणी आणि वरी, मग एक पट्टा भात-बाजरी दोन्हींचा, आणि पुढे नुसती बाजरी, ज्वारी. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाणाऱ्या माणसाला कोणीही न सांगता आपण डोंगरापासून किती लांब आलो ते जेवताना कळेल.

आता नद्यांचं बघू. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचे उगम मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला कड्यावरून उडी घेते आणि थोड्या वाटचालीत बाणकोटजवळ समुद्राला मिळते. कृष्णा त्याच ठिकाणाहून पूर्वेला वळते. तिच्या उगमापासून अरबी समुद्र सुमारे चौसष्ट किलोमीटरवर आहे. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती चौदाशे किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीचंही तेच. त्र्यंबकेश्वरहून समुद्र ऐंशी किलोमीटरवर, आणि तिची वाट १,४६५ किलोमीटरांची. पंचगंगेच्या देवळात कृष्णेचं दगडी गोमुखातून पडणारं पाणी ओंजळीत घेतलं की गार लागतं, चवीला जरासं दगडी. तिथून बाहेर पडलेलं पाणी वाई, कराड, सांगली करत कर्नाटकात, तिथून तेलंगणात, आंध्रात जातं. एवढ्या माणसांची तहान एका अरुंद घाटमाथ्यावर पडलेल्या चार महिन्यांच्या पावसावर चालते.

इथे येऊन मला ‘छाया’ या कल्पनेचा अर्थ बदलताना दिसतो. डोंगराने पूर्वेचा पाऊस अडवला, हे खरं. पण जो अडवला त्यातला मोठा वाटा त्याने पूर्वेलाच उतरवला. फक्त आभाळातून न देता नदीतून दिला. आषाढी एकादशीला पंढरपुरात कित्येकदा कोरडं, तापलेलं आभाळ असतं. पेरण्या खोळंबलेल्या असतात. तरी चंद्रभागेला पाणी असतं. वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रानात, मावळात, मुळशीत पाऊस लागलेला असतो म्हणून. वाळवंटात उभे असलेले लाखो वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात, ते पाणी त्या गावावर पडलेलंच नसतं. पाऊस एका मुलखाचा आणि पूर दुसऱ्या मुलखाचा, हा आपल्या देशावरचा नेम आहे.

माणदेशात जुलै बघावा. आभाळ भरलेलं असतं, पण ढग थांबत नाहीत. डोक्यावरून पूर्वेकडे पळत राहतात आणि खाली नुसता वारा. शेळ्या वाऱ्याला पाठ करून उभ्या राहतात, बोरीबाभळी एका अंगाला वाकलेल्या. बायका पदर दातात धरून घागरी आणतात. हे दिवस फार लांबतात. पण मग भाद्रपद येतो, वाऱ्याची दिशा ढिली पडते आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला परतीचा पाऊस पूर्वेकडून येतो. त्याच्या वाटेत सह्याद्री नसतो. दुपारपर्यंत ऊन, मग पूर्वेला काळी फळी, विजा, आणि तासाभरात शेताच्या ताली भरून वाहतात. त्या एका-दोन पावसांवर शाळू पेरतात आणि नंतर थेंब पडला नाही तरी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी डोक्याएवढी होते, कारण ती जमीन ओल धरून ठेवते.

ती काळी जमीनही या डोंगराच्याच दगडाची. बेसॉल्ट झिजून माती झाली. जिथे पाऊस कमी, तिथे मातीतला चुना आणि चिकणपणा मातीतच राहिला आणि ती काळी, कसदार झाली. जिथे पाऊस अतोनात, तिथे त्याने सगळं धुऊन नेलं, लोह तेवढं मागे राहिलं आणि तांबडा जांभा तयार झाला. पाचगणीच्या टेबललँडवर, कासच्या पठारावर पायाखाली जो खडबडीत, भोकाभोकांचा जांभा लागतो आणि सोलापूरकडे उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेग पडणारी जी काळी जमीन असते, त्यांची खडकाची जात एकच. पाऊस फार पडला तिथली जमीन हडकली. कमी पडला तिथली कसदार राहिली. घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं आणि माती गेली. देशावरच्या शेतकऱ्याला माती मिळाली आणि पाण्याची वाट बघणं आलं. ही वाटणी न्यायाची की अन्यायाची हे मला ठरवता येत नाही. पण कुणालाच सगळं दिलं नाही आणि कुणालाच पूर्ण रिकाम्या हाताने पाठवलं नाही, एवढं दिसतं.

माणसांनी ही वाटणी फार पूर्वीच ओळखली होती. माण, खटाव, फलटणकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीच्या पुढेमागे घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतात आणि कोकणात जातात. पोलादपूरजवळ एका कापलेल्या भातखाचरात असा एक वाडा उतरलेला पाहिला आहे. संध्याकाळी जाळं लावून मेंढरं आत घेतली होती. तीन दगडांच्या चुलीवर बाजरीची भाकरी, शेजारी दावणीला दोन घोडी, आणि एका पोराच्या मांडीवर नुकतं जन्मलेलं, पाय थरथरणारं कोकरू. रात्रभर मेंढरं शेतात बसवायची, लेंडीमुताचं खत पडतं, त्याबद्दल शेतकरी भात देतो. “मामा, इथं एवढं गवत-पाणी आहे, मग पावसाळ्यात इथंच का राहत नाही?” मी विचारलं. म्हाताऱ्याने बोट वर करून अंधारात कड्याची रेघ दाखवली. “ह्या पावसात मेंढरू जगत न्हाई बाबा. खुरं कुजत्यात. वळीव झाला की वर चढायचं. तिकडं कोरडं, ते मेंढराला बरं.” ज्याला आपण दुष्काळी भाग म्हणतो, तो त्याच्या मेंढरांचा पावसाळ्यातला निवारा होता. मी पुढे काही विचारलं नाही.

अशी ये-जा या डोंगरावरून दोन हजार वर्षं तरी चालू आहे. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. कल्याण-सोपाऱ्याहून माल त्याच वाटेने जुन्नर-पैठणला चढत असे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली. जो डोंगर ओलांडताना वाऱ्याला पाणी टाकून द्यावं लागतं, तो माणसं आणि जनावरं ओझ्यासकट ओलांडत आली.

विसाव्या शतकात आपण डोंगराच्या वाटणीतही हात घातला. पूर्वेला जाणारं पाणी अडवलं आणि कड्यावरून पश्चिमेला सोडलं, कारण एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यात वीज असते. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये टाटांनी मुंबईला वीज दिली. मग मुळशी. तिथल्या मावळ्यांची भाताची खाचरं बुडणार होती, म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण तरीही झालं. मग कोयना. १०३ मीटर उंचीची ती भिंत, मागे शिवसागर, आणि डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पोफळीकडे सोडलेलं पाणी, जे वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटायला निघालेल्या पाण्याचा मोठा भाग असा माघारी समुद्राकडे वळतो. माझ्या घरातला दिवा त्या विजेवर लागत आला आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. फक्त एवढं वाटतं की ज्या रेघेवर डोंगराने लाखो वर्षं पाणी तोललं, ती रेघ आपण हलवली, याची आठवण असावी.

खाली कोकणातही सगळं भरभरून आहे असं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या गावात एप्रिलअखेर विहिरीचा तळ दिसतो. उतार तीव्र, जांभा सच्छिद्र, समुद्र जवळ. पाणी पडतं तेवढ्याच घाईने निघून जातं. ते थांबवण्याचं काम घाटउतारावरचं रान करतं. हिरडा, जांभूळ, अंजनी यांच्या मुळ्या, त्यांचा पाचोळा, सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचं दाट जाळं, आणि देवाच्या धाकाने राखलेल्या देवराया. पावसानंतर महिनोन्‌महिने ओढे वाहते राहतात ते या ओल्या रानामुळे.

आणि पाऊस स्वतःही आता पूर्वीसारखा पडत नाही असं घाटातली माणसं सांगतात. महिनाभराचा दोन दिवसांत उतरतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. माणच्या अख्ख्या वर्षाहून जास्त. त्याच पावसात महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशे माणसांसकट. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ही गावं पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारांवर होती. त्यांना पाऊस नवा नव्हता. डोंगर कोसळतो त्याला दगडाची झीज, पाण्याची धार, उताराचा कोन अशी कारणं असतात. पण उतार कापून सपाट केला, पाण्याच्या जुन्या वाटा बुजवल्या, मुळ्या गेल्या, तर त्या कारणांना आपण हातभार लावलेला असतो. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ च्या अहवालात घाटाच्या संवेदनशील भागांत खाणी आणि बेसुमार बांधकामं रोखायला सांगितलं, आणि निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावेत असंही सांगितलं. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणं जागतिक वारशात घेतली. आपली कास, कोयना, चांदोली, राधानगरी त्यात आहेत. वारशाची यादी झाली. अहवालावरची चर्चा बहुतेक घाटमाथ्यावरच्या लोकांच्या बाजूने किंवा विरुद्ध अशीच झाली. देशावरच्या गावांना त्यात कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही हा आपला प्रश्न मानला नाही.

मला तो त्यांचाच प्रश्न वाटतो, सर्वांत आधी. घाटमाथ्यावर रान तुटलं की पावसाचं पाणी थांबत नाही, माती घेऊन धावतं. ती माती धरणांत साचते आणि उन्हाळ्यात नदीचा झरा आटतो. त्याचा पहिला फटका तिथल्या वाडीला बसतो, पण शेवटचा दोनशे किलोमीटर खाली, जिथून तो डोंगर दिसतही नाही अशा गावाला बसतो. म्हणून एक विनंती आहे. घाटातल्या एखाद्या उताराला परवानगी मिळाली, एखादी टेकडी प्लॉट पाडून विकायला निघाली, एखादी देवराई रस्त्यासाठी गेली, अशी बातमी वाचाल तेव्हा ती लांबच्या तालुक्याची बातमी समजून पान उलटू नका. पुण्यात राहत असा, सांगलीत, बारामतीत नाहीतर सोलापुरात, तुमच्या नळाला येणारं पाणी त्याच डोंगरावर पडलेलं असतं.